दोन मिनिटं सतरा सेकंद

गाणं अहिराणी, चार मिनिटं चार सेकंदांचं.
मी ते एकशे बारा वेळा पाहिलंय
आणि मला ते आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते.

कट मोजले : दोनशे सहा.
नायिकेच्या कमरेवर कॅमेरा किती सेकंद रेंगाळतो
तेही मोजलं, कारण लोखंडे सरांचं म्हणणं,
नजरेला आकडा लावला की ती पुरावा होते.

मग सिडकोत, उत्तमनगरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात
एक स्टूल मांडलं.
एक फोन गाण्यासाठी उभा केला,
दुसरा बघणाऱ्यांच्या चेहऱ्यांसाठी.
अत्तारभाईंनी भाडं घेतलं नाही, अट घातली :
चहा माझ्याकडून, आणि गिऱ्हाईक आलं की आवाज बंद.

पहिला बसला सुपडू, सातपूरहून फर्स्ट शिफ्ट सुटून आलेला,
नखांत ग्रीस.
"हाई ते नाशिक शे!" लगेच म्हणाला,
"गाणं तापीचं, अन् पाणी गोदावरीचं.
सोमेश्वरचा धबधबा मी काय ओळखणार नाही?"
तरी त्याचा अंगठा शेवटपर्यंत गुडघ्यावर ठेका धरून होता,
गाव सोडून चौदा वर्षं झालेला अंगठा.

ब्लाउज शिवणाऱ्या वच्छलाताईंनी
ना नदी पाहिली ना नायक.
"मागच्या पोरींना सगळ्यांना एकाच मापाचं शिवलंय.
ती डावीकडची बघ,
हात वर करायला घाबरतेय."
तो हात मी एकशे बारा वेळा पाहिला होता.
माझ्या वहीत त्याची नोंद : 'संथ हालचाल'.

एका पोरानं अकराव्या सेकंदालाच गाणं पुढे ढकललं.
त्याला नाव विचारायचं राहिलं.

रात्री घरी चेहरे लावले, आवाज बंद करून.
गालांवरून गाण्याचा उजेड सरकत होता,
निळा, मग हळदी, मग नुसताच पांढरा.
आणि दोन मिनिटं सतराला
सगळे, तो पोरगासुद्धा,
किंचित मागे सरले,
चुकून दुसऱ्याच्या दारात डोकावल्यावर सरतात तसे.

गाणं काढलं. तिथेच थांबवलं.
नायिकेच्या खांद्यामागे, धूसर,
एक बाई खडकावर गोधडी धूत होती
आणि मान वर करून थेट इकडे बघत होती.
राग नाही, हसू नाही.
कामात कुणी हाक मारली की माणूस बघतं, तेवढंच.

सर म्हणाले, "फोकसमध्ये नाही ती, सोडून दे."
कमरेचा तक्ता मात्र त्यांना फार आवडला.

तिला शोधण्यात तीन रविवार गेले.
ठगूबाई. धबधब्याच्या खालच्या अंगाला, त्याच खडकावर.
ओले हात पदराला पुसून तिनं फोन धरला,
सगळं गाणं बघितलं.
स्वतःला ओळखलं नाही.
ओळखली ती गोधडी.

"अगं बया, ही तर सुनेच्या बाळंतपणातली!
सरका सरका म्हणत होते ते लोक. कशी सरकू?
पाणी प्यायलेली गोधडी एकटीला पिळवत नाही.
शेवटी त्यांच्यातल्याच एका पोरीनं दुसरं टोक धरलं,
लाल घागरावालीनं.
चांगली पिळली हो, मनगटात जोर होता तिच्या.
ते नाही का यात?"

मागे नेलं, पुढे नेलं.
नाही.
तिथे कट आहे, एकशे अठरावा.

प्रबंधात प्रतिक्रियेचा रकाना अर्ध्या इंचाचा.
वच्छलाताईंचं वाक्य त्यात तिरकं करून बसवलंय,
ठगूबाईचं समासात गेलं, तिथून पानाच्या मागे.
मागच्या ओळीत लाल घागरा सगळ्याच पोरींना आहे
आणि नावं शेवटी येतात ती फक्त दोन.

हात वर करायला घाबरणाऱ्या त्या ब्लाउजात
ओली गोधडी पिळली असेल का कुणी?
शिवण उसवली असेल. तिसऱ्या कडव्यात दिसेल कदाचित,
काखेपाशी, एखादी फट.

गाणं पुन्हा लावते.
एकशे तेरा.